दहा पराभवांचा हंगाम

रविवार, ३० नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप आई व बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी फोनवर बाबांनी विचारले की, आमच्या विद्यापीठाच्या, नऊ सामने हरलेल्या अमेरिकन फुटबॉल संघाचा खेळ पाहायला मी पदरचे पैसे मोडून थंडीत का जाऊन बसतो. आणि बाबांचे वाक्य पुरे व्हायच्या आत आईने विचारले की, त्या मुलांना एवढे आपटतात, त्यांना लागत नाही का. मी दोन्ही प्रश्न हसण्यावारी नेले, कारण शेवटचा सामना बाकी होता आणि हिशेब पुरा झाल्यावाचून बोलणे मला बरे वाटेना. काल तो सामना झाला आणि आम्ही तोही हरलो. बारा सामने, दोन विजय, दहा पराभव. आता सावकाश लिहितो.

दोन वर्षांपूर्वी तुम्ही ऑक्टोबरात इथे आला होता, तेव्हा आपण एक सामना पाहिला होता. घड्याळात साठ मिनिटांचा असणारा तो खेळ साडेतीन तास चालला, आणि दुसऱ्या सत्रात आईने शाल डोक्यावरून घेत विचारले होते, "अरे, पण हे खेळतात कधी?" तेव्हा सांगितलेली मूळ गोष्ट पुन्हा एकदा सांगतो, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. चेंडू ज्यांच्याकडे असतो त्यांना दहा यार्ड पुढे जाण्यासाठी चार संधी मिळतात. दहा यार्ड गेले की पुन्हा चार संधी. नाही गेले, तर चेंडू दुसऱ्यांकडे. बहुतेक वेळा संघ चौथी संधी पुढे जाण्यासाठी वापरत नाहीत. ते चेंडू लाथेने दूर धाडून देतात, म्हणजे निदान प्रतिस्पर्ध्याला लांबून सुरुवात करावी लागते. यंदा आमच्या संघाने हे दूर धाडण्याचे काम इतक्या वेळा केले की, लाथ मारणारा मुलगा हाच आमचा सर्वांत सरावलेला खेळाडू ठरला.

हंगामाची सुरुवातच हरण्याच्या करारावर झाली, आणि ही गोष्ट बाबांना रुचेल असे वाटते. आमचे विद्यापीठ मधल्या फळीतले आहे. अशी विद्यापीठे ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरात एखाद्या बड्या विद्यापीठाच्या मैदानावर जातात, लाखभर माणसांसमोर बहुधा सपाटून मार खातात, आणि त्याबद्दल दहा लाख डॉलर किंवा त्याहूनही अधिक बिदागी घेऊन परत येतात. त्या पैशावर पोहणाऱ्या, धावणाऱ्या आणि टेनिस खेळणाऱ्या मुलामुलींचा खर्च भागण्यास मदत होते. ३० ऑगस्टला आम्ही असेच गेलो आणि मार खाऊन आलो. पुढच्या शनिवारी आम्ही आमच्याहून लहान कॉलेजाला अशीच बिदागी देऊन बोलावले आणि हरवले; तो आमचा पहिला विजय. या व्यवहारात कधीकधी घेणारा उलटतो, हेही सांगायला हवे. २००७ साली ॲपलाचियन स्टेट या लहान विद्यापीठाने बड्या मिशिगनला त्यांच्याच मैदानावर ३४–३२ असे हरवले होते. गेल्या वर्षी ७ सप्टेंबरला नॉर्दर्न इलिनॉयने १४ लाख डॉलर घेऊन नोटर डेमला १६–१४ असे हरवले, आणि तोच नोटर डेमचा संघ पुढे राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. त्या एका शनिवारच्या आठवणीवर मधल्या फळीतली विद्यापीठे कितीतरी वर्षे तग धरतात.

त्यानंतर आम्ही ओळीने सहा सामने हरलो. या सहांचे वर्णन करण्यात अर्थ नाही. क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू. तो तिसऱ्या पराभवात खांद्याने जायबंदी झाला, आणि त्याच्या जागी आलेल्या मुलाने फेकलेले चेंडू प्रतिस्पर्ध्यांनी अधिक विश्वासाने झेलले, एवढे म्हटले तरी पुरे. कारणे मात्र त्याहून जुनी होती. गेल्या वर्षी आमच्याकडे जे तीन-चार खरोखर चांगले खेळाडू होते, ते हिवाळ्यात मोठ्या विद्यापीठांकडे निघून गेले. पूर्वी विद्यापीठ बदलले की एक वर्ष बाहेर बसावे लागे. २०२१ पासून ती अट सैल होत गेली आणि आता उरली नाही. त्याच वर्षाच्या जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातींतून पैसे मिळवण्याची मुभा मिळाली, आणि या वर्षीच्या १ जुलैपासून तर विद्यापीठे त्यांना थेट पैसे देऊ शकतात. एका विद्यापीठाने सर्व खेळांत मिळून वर्षाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंतच द्यावेत अशी मर्यादा आहे. बडी विद्यापीठे त्या मर्यादेला जाऊन भिडतात. आमच्यासारख्यांना ती कमाल मर्यादा आभाळासारखी दिसते. मुले गेली याबद्दल मी त्यांना दोष देत नाही. मीही अधिक चांगल्या ठिकाणी बोलावणे आले म्हणूनच घर सोडून आलो, हे तुम्हांला ठाऊक आहे.

१८ ऑक्टोबरला सातवा पराभव झाला. हा आकडा इथे अशुभ मानतात, आणि त्याला कारण आहे. बारापैकी सहा सामने जिंकणाऱ्या संघाला हंगामानंतर 'बोल' नावाच्या जास्तीच्या सामन्याचे निमंत्रण मिळू शकते. सात हरले की सहा जिंकणे शक्यच उरत नाही. तरीही एक झरोका असतो, आणि शिक्षक म्हणून मला तो फार आवडतो. सहा विजयवाले संघ पुरेसे भरले नाहीत, तर पाच विजयवाल्यांना बोलावतात, आणि त्यांच्यातला क्रम खेळावरून नव्हे, तर खेळाडूंच्या अभ्यासातल्या प्रगतीवरून लावतात. २०१५ साली नेब्रास्का, मिनेसोटा आणि सॅन होजे स्टेट हे तिघे पाच विजय आणि सात पराभव घेऊन असे आत आले, आणि तिघांनीही आपापले सामने जिंकले. आमचा एक विजय आणि चार सामने बाकी, म्हणजे बेरीज बरोबर पाच. त्या आठवड्यात माझ्या संख्याशास्त्राच्या वर्गात फुटबॉलपटूंची हजेरी अचानक वाढली, ती याच झरोक्यामुळे असावी.

दुसऱ्याच दिवशी, रविवारी सकाळी, प्रशिक्षकांना काढून टाकल्याची बातमी आली. बाबा, तुम्ही विचारले होते की, काढून टाकलेल्या माणसाला उरलेल्या कराराचे पैसे कशाला द्यायचे. कारण करारच तसा असतो. जिंकण्याच्या वर्षी, दुसऱ्या कुणी पळवू नये म्हणून, विद्यापीठ प्रशिक्षकाचा करार चांगला लांब करून ठेवते, आणि हरण्याच्या वर्षी तेच कागद बाहेर येतात. २०२३ च्या नोव्हेंबरात टेक्सस ए अँड एम विद्यापीठाने प्रशिक्षक जिंबो फिशर यांना दूर केले, तेव्हा देणे साडेसात कोटी डॉलरहून अधिक होते. तुम्ही बँकेत ज्याला बुडीत खाते म्हणत होता, त्याचेच हे भावंड. फक्त इथे कर्ज घेणारा नव्हे, तर देणाराच हप्ते भरत राहतो. आमच्या विद्यापीठाचा आकडा त्यापुढे चिल्लर आहे. मला वाईट वाटले ते मुख्य प्रशिक्षकांबद्दल नव्हे, तर त्यांच्या हाताखालच्या दहा-बारा जणांबद्दल, ज्यांचे करार वर्षा-दोन वर्षांचे असतात आणि ज्यांची मुले इथल्या शाळांत नुकती रुळलेली असतात. उरलेले चार सामने त्यांच्यातल्याच एकाने हंगामी म्हणून सांभाळले. आपल्याला जानेवारीत नोकरी नाही हे माहीत असताना तो माणूस रोज पहाटे साडेपाचला मैदानावर हजर असे.

आता मी ज्या मुलामुळे हे पत्र लिहायला बसलो त्याच्याकडे येतो. विद्यार्थ्याचे नाव बाहेर सांगू नये असा इथे नियम आहे, म्हणून लिहीत नाही. तो आघाडीच्या फळीतला उजवा गार्ड. या फळीत पाच जण असतात, प्रत्येकाचे वजन एकशेतीस-एकशेचाळीस किलो, आणि क्वार्टरबॅकपर्यंत कुणाला पोहोचू न देणे हे त्यांचे मुख्य काम. त्यांनी चेंडू पकडायचा नसतो, फेकायचा नसतो, त्यांच्या नावावर गुण लागत नाहीत. त्यांतल्या एखाद्याचा उल्लेख मैदानभर ऐकू येतो तो फक्त चूक झाली तर: समोरच्याला हाताने धरून ठेवले की पंच ध्वनिक्षेपकावरून 'होल्डिंग' असे म्हणून त्याच्या पाठीवरचा आकडा सांगतात आणि संघाला दहा यार्ड मागे नेतात. हा मुलगा माझ्या वर्गात पहिल्या रांगेत भिंतीकडेला बसतो, कारण तिथे पाय लांब करता येतो. सोमवारी त्याच्या गुडघ्याला बर्फाची पिशवी बांधलेली असते. शनिवारी जे झाले ते मला आकड्यांतून कळते. सोमवारी ते समोर येऊन बसते.

सातव्या पराभवानंतरच्या, सामना नसलेल्या आठवड्यात तो शंका विचारायला माझ्या खोलीवर आला. स्वतंत्र घटनांचा धडा चालू होता. सलग सहा वेळा छापा पडला म्हणून सातव्या वेळी काटा पडण्याची शक्यता वाढत नाही, हे मी वर्गात सांगितले होते. त्याने विचारले, "म्हणजे सलग सहा हरलो, म्हणून आता जिंकायची पाळी आली असे म्हणता येणार नाही?" मी म्हणालो, नाही, नाण्याला मागचे काही आठवत नाही. तो थोडा वेळ गुडघा चोळत बसला आणि म्हणाला, "नाण्याला आठवत नसेल, सर, याला आठवते." मी पुढच्या तासाला तेच उदाहरण वर्गात घेतले, अर्थात त्याचे नाव न घेता. सामने ही स्वतंत्र घटना नव्हे. सहाव्या पराभवात जो पाय मुरगळतो तोच सातव्या सामन्यात उभा राहतो, आणि ज्याची जागा रिकामी होते तिथे दुसऱ्या फळीतला मुलगा येतो, मग तिसऱ्या फळीतला. हरणारा हंगाम असा स्वतःलाच खात जातो.

आई, तुझ्या प्रश्नाचे उत्तर यात आलेच: लागते, आणि फार लागते. पूर्वी याहून वाईट होते. १९०५ साली या खेळात मुले दगावण्याचे प्रकार इतके वाढले की, राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतले, आणि पुढच्या वर्षी नियम बदलले. चेंडू पुढे फेकायला परवानगी मिळाली ती तेव्हाच. आज हंगामात आठवड्याला वीस तासांहून अधिक सराव घेता येत नाही आणि एक दिवस सुट्टी द्यावी लागते. पण त्या वीस तासांत सामन्याचा दिवस कितीही लांबला तरी तीनच तासांचा धरतात. रात्री बसने परत येणे आणि मलमपट्टी त्यात मोजली जात नाही.

नोव्हेंबरात आमच्या गटातले सामने शनिवारऐवजी मंगळवारी-बुधवारी रात्री ठेवतात, कारण शनिवारी दूरचित्रवाणीवर बड्या विद्यापीठांपुढे आम्हांला कुणी विचारत नाही आणि आठवड्यातल्या मधल्या रात्री वाहिन्यांना काहीतरी हवे असते. ४ नोव्हेंबरच्या मंगळवारी आठवा पराभव झाला आणि पाच विजयांचा झरोकाही बंद झाला. इथून पुढचे तीन सामने कशासाठी, हाच खरे तर बाबांचा प्रश्न आहे.

काहींसाठी ते खरोखर कशासाठीच नव्हते. इथे खेळाडूला पाच वर्षांत चार हंगाम खेळता येतात, आणि २०१८ पासूनच्या नियमाने चार किंवा त्याहून कमी सामने खेळले तर तो हंगाम मोजला जात नाही. त्याला 'रेडशर्ट' म्हणतात. त्यामुळे सप्टेंबरात चार सामने खेळून दोन जण थांबले होते, वर्ष वाचवून जानेवारीत दुसरीकडे जाण्यासाठी. उलट, पहिल्या वर्षाच्या मुलांना हंगामी प्रशिक्षकांनी शेवटच्या चारांत उतरवले, कारण तेवढ्याने त्यांचे काहीच खर्च होत नव्हते. अठरा वर्षांची मुले हातपाय कापत असताना मैदानावर उतरलेली मी पाहिली. त्यांच्यातलाच एक क्वार्टरबॅक झाला, आणि १२ नोव्हेंबरच्या रात्री आम्ही २३–२० असे जिंकलो. जिंकल्याबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही. दोन-अडीच हजार लोक होतो, पायांची बोटे बधिर झाली होती, आणि दुसऱ्या दिवशी साडेनऊच्या तासाला उजवा गार्ड वेळेवर आला. मी त्याचे अभिनंदन केले, तेव्हा त्याने आधी गृहपाठाची मुदत विचारली.

याहून लांब हरणारे संघ इथे होऊन गेले आहेत, आणि यंदा मी त्यांच्याबद्दल बरेच वाचले, जसा आजारी माणूस आपल्याच दुखण्याबद्दल वाचत सुटतो. शिकागोजवळचे नॉर्थवेस्टर्न १९७९ ते १९८२ या काळात सलग ३४ सामने हरले. जेव्हा जिंकले, तेव्हा विद्यार्थ्यांनी गोलचे खांब उपटून मिशिगन सरोवरात नेऊन टाकले. न्यूयॉर्कचे कोलंबिया ४४ हरले आणि १९८८ मध्ये प्रिन्स्टनला हरवून सुटले. टेक्ससमधले प्रेअरी व्ह्यू ए अँड एम तर १९८९ पासून १९९८ पर्यंत ८० सामने हरले. मधले एक वर्ष त्यांच्याकडे संघच नव्हता आणि पुढे शिष्यवृत्त्यांवाचून खेळावे लागले. कॅन्सस स्टेटमध्ये १९८९ साली बिल स्नायडर प्रशिक्षक म्हणून आले तेव्हा त्या संघाने दोन हंगामांत एकही सामना जिंकला नव्हता, आणि नऊ वर्षांनी तोच संघ नियमित हंगामात अपराजित राहिला. इंडियानाचे तर अलीकडचेच आहे: २०२३ मध्ये तीन विजय आणि नऊ पराभव, आणि परवाच्या शुक्रवारी बारापैकी बारा विजय. आमच्या स्टेडियममध्ये या दिवसांत इंडियानाचे नाव लोक ज्या सुरात घेतात, तो लॉटरीचे तिकीट खिशात असलेल्या माणसाचा सूर आहे. मी संख्याशास्त्र शिकवत असल्यामुळे मला तो सूर लावता येत नाही. इंडियानासारखा एक निघतो तेव्हा किती जण होते तिथेच राहतात, ते कुणी मोजून सांगत नाही.

कालचा सामना घरच्या मैदानावर होता. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीमुळे वसतिगृहे ओस पडलेली, बँडमध्ये निम्मी वाद्ये. शेवटच्या वर्षाच्या खेळाडूंना सामन्यापूर्वी एकेक करून मैदानात बोलावतात आणि त्यांचे आईवडील मध्यभागी उभे असतात. उजव्या गार्डचे आईवडील रात्री सहा तास मोटार चालवून आले होते. आई ठेंगणी, त्याच्याच आकड्याची जर्सी कोटावरून चढवलेली. तो वाकला तरी तिचा हात त्याच्या खांद्यापर्यंत पोहोचेना, तेव्हा तो एक गुडघा टेकून बसला. दुखरा गुडघा नव्हे, दुसरा. हे बहुधा माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात आले नसेल.

पुढे ती दोघे माझ्या पुढच्याच रांगेत येऊन बसली. तिसऱ्या सत्रात आम्ही सतरा गुणांनी मागे होतो, आणि पंचांनी ध्वनिक्षेपकावरून त्याचा आकडा पुकारला: होल्डिंग, दहा यार्ड मागे. आजूबाजूचे चार लोक कण्हले. त्याच्या आईने मात्र टाळी वाजवली, आणि नवरा चकित होऊन पाहू लागल्यावर म्हणाली, "पाच वर्षांत आकडा तरी घेतला कुणीतरी." तो इतका हसला की त्याच्या हातातली कॉफी सांडली. ही बाई खेळ जाणते. टाळी चुकून वाजलेली नव्हती. सामना संपेपर्यंत आम्ही तिघे बोलत होतो. मी त्यांच्या मुलाला शिकवतो हे सांगितले, गुण सांगता येत नाहीत हेही सांगितले, आणि नाण्याची गोष्ट मात्र सांगितली. वडील म्हणाले की, डिसेंबरात त्याच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया आहे. परीक्षा झाल्यावर, त्याने तशीच तारीख मागून घेतली.

बाबा, मी तिथे का जातो याचे उत्तर देताना माझी भाषा लंगडी पडते. जिंकणारा संघ पाहायचा असता, तर घरी बसून कुठलाही बडा सामना पाहता आला असता. पण सोमवारी जी मुले समोर बसतात त्यांचा शनिवार मी पाहिलेला नसावा, हे मला बरोबर वाटत नाही. शिवाय, खरे सांगायचे तर, हरणाऱ्या संघाची तिकिटे स्वस्त असतात.

आज सकाळी विद्यापीठाकडून पुढच्या हंगामाच्या तिकिटांचे पत्र आले. नवे प्रशिक्षक अजून ठरायचे आहेत, पण दर ठरले आहेत. मी माझी जागा कायम ठेवली, आणि शेजारच्या दोन जागा सप्टेंबर-ऑक्टोबरापुरत्या राखून ठेवण्याविषयी विचारले आहे. व्हिसा अजून चालू आहे, तेव्हा तारखांचा विचार करून कळवा. आईच्या गुडघ्यांसाठी पायऱ्या कमी असलेली रांग मागितली आहे. बाबांनी रक्तदाबाच्या गोळ्या वेळेवर घ्याव्यात.

तुमचा,
थोरला

ता. क. आई, शाल आणशील तेव्हा जाड आण. नोव्हेंबरपर्यंत राहायचे ठरले, तर मंगळवारच्या सामन्याला ती पातळ शाल पुरायची नाही.